बिलगल्या, मिसळल्या नाहीत

पुणे, ६ डिसेंबर १९९८

ती. स्व. मोतीराममामा यांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. आईचं गुडघ्याचं दुखणं सोडलं तर नवीन काही नाही.

माझं काम आता पांढऱ्या उंदरांच्या फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींवर चाललंय. जंतू गिळणाऱ्या या पेशी कधी कधी एकमेकींत मिसळतात आणि सगळ्यांची मिळून एक मोठी पेशी होते, हे मी सातवीत असताना तुम्हीच दाखवलं होतं. क्षयाच्या गाठीची स्लाइड होती. "केंद्रकं बरोबर मोजलीस तर चिक्की," म्हणालात. मी अकरा मोजली, तुम्ही चौदा. चिक्की मिळाली नाही ते अजून लक्षात आहे.

आता अडलंय ते मोजणीतच. एकाच स्लाइडवर एक विद्यार्थी चाळीस मोठ्या पेशी मोजतो, दुसरा पंचाहत्तर. एकीवर एक चढून बसलेल्या पेशीही लोक मिसळलेल्या समजतात. मी सरांना तुमचं नाव सुचवलं. ते म्हणाले, "नाशिकचा कोण टेक्निशियन?" मग म्हणाले, "बरं, बघू. जो मोजेल त्याचं नाव पेपरात लेखक म्हणून येईल, माझा तसा नियमच आहे." तर मामा, मोजाल का?

तुमची भाची,
मोहिनी

---

नाशिक, १५ डिसेंबर १९९८

चि. मोहिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

मी चौदा नाही, पंधरा मोजली होती. वही काढून पाहिली.

"नाशिकचा कोण टेक्निशियन" याचं उत्तर सरांना दे. मॅट्रिक नापास. १९७२ साली या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागलो. पुस्तकं इंग्रजीत होती, म्हणून आधी डिक्शनरी वाचली, ए पासून. आज शहरातले चार डॉक्टर मागच्या दाराने येतात. "मोतीराम, जरा बघ रे," म्हणतात. मी बघतो, सांगतो, आणि पुढच्या खोलीत जाऊन ते सही करतात. सव्वीस वर्षांत एकाही रिपोर्टवर माझं नाव नाही. तक्रार नाही, कायदाच तसा आहे.

म्हणून तुझं ते नावाचं वाक्य तुझ्या मामीला वाचून दाखवलं. शकू म्हणाली, "छापून येणार? मोतीराम असं, का नुसतं एम?" म्हटलं, पूर्ण. तेवढं तू बघ. दुसरं काही मागत नाही.

माझ्या पद्धतीने मोजीन. दिवसाला चारच स्लाइड्स, पाचवीला डोळा लबाडी करतो. कुठल्या स्लाइडला काय घातलंय ते मला कळवायचं नाही. कळलं की माणूस हवं ते बघायला लागतो.

ताईंच्या गुडघ्याला गरम वाळूचा शेक, तेलाने काही होत नाही.

तुझा,
मामा

---

पुणे, २० फेब्रुवारी १९९९

ती. स्व. मामा,
सा. न. वि. वि.

कुरिअरने लाकडी बॉक्स पाठवला आहे. एक ते साठ. मोजून झाल्या की बॉक्स परत पाठवा.

तुम्ही फोनवर विचारलंत, या पेशी एकमेकींना ओळखतात कशा. प्रत्येक पेशीच्या अंगावर प्रथिनांचे हजारो हात बाहेर आलेले असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने अलीकडे त्यातला एक शोधून काढला. पेशी मिसळायच्या सुमारास तो अंगावर उगवतो आणि काम झालं की नाहीसा होतो. त्याला झाकून टाकणारं औषध, म्हणजे अँटिबॉडी, आम्ही काही स्लाइड्सवर घातली आहे. तो हात झाकला तर काय होतं, एवढाच माझा प्रश्न आहे. कुठल्या स्लाइड्सवर घातली ते अर्थातच सांगत नाही!

तुमची,
मोहिनी

---

नाशिक, १८ एप्रिल १९९९

चि. मोहिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

बॉक्स परत पाठवला, सोबत साठ तक्ते. भिंगाखालच्या शंभर क्षेत्रांत किती मोठ्या पेशी आणि प्रत्येकीत किती केंद्रकं, सगळं आहे. सतरा नंबरची स्लाइड कडेला तडकली आहे. तडकूनच आली होती.

आता मला दिसलं ते लिहितो. आमचे दादा मखमलाबादच्या मळ्यात गुलाबाला डोळे भरायचे. काडीची साल उचलायची, आत डोळा बसवायचा, वरून पट्टी बांधायची. आठ दिवस सगळे डोळे सारखेच हिरवे दिसतात. पट्टी सोडली की कळतं, कुठला सालीशी एक झाला आणि कुठला नुसता टेकून होता. तुझ्या साठांतल्या जवळजवळ निम्म्या स्लाइड्सवर असंच आहे. पेशी येतात, बिलगतात, दहा-दहाचे घोळके करतात, पण मधली भिंत जात नाही. वरून बघणारा त्यांना एक म्हणेल. बारीक स्क्रू वरखाली केला की भिंत केसासारखी उमटते. तुमचा पंचाहत्तरवाला इथेच फसला.

म्हणजे तू जे झाकलंस त्याने पेशींचं जवळ येणं थांबत नाही, मिसळणं थांबतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सरांपुढे मांड.

शकूने आंब्याचं लोणचं घातलंय. येणारं-जाणारं कोणी असेल तर कळव.

मामा

---

पुणे, ३ मे १९९९

ती. स्व. मामा,
सा. न. वि. वि.

तुमचं गुलाबाचं पत्र सरांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घेतलं. म्हणाले, "या माणसाला नजर आहे." ज्या स्लाइड्सवर तुम्हाला भिंती दिसल्या, त्या सगळ्या अँटिबॉडीच्या. एकही इकडची तिकडे नाही. ललित म्हणून माझ्याबरोबर एक जण काम करतो, तो तर म्हणाला, "तुझे मामा मला दत्तक घेतील का?"

दुसरा बॉक्स पाठवते आहे. एकसष्ट ते शंभर. एवढं झालं की लिहायला बसायचं.

तुमची,
मोहिनी

---

नाशिक, २० जून १९९९

चि. मोहिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

चाळीसही तक्ते सोबत आहेत. या वेळी बॉक्स भरताना तुझी घाई झालेली दिसते. नंबरं लावताना लक्ष देत जा. बाकी काही नाही.

आमच्या लॅबच्या डॉक्टरसाहेबांना तुझ्या पेपरचं सांगितलं. छापून आला की लॅबच्या भिंतीवर लावू, म्हणाले.

मामा

---

पुणे, ३० जुलै १९९९

ती. स्व. मामा,
सा. न. वि. वि.

तक्ते मिळाले. उत्तराला उशीर झाला, माफ करा. एक विचारायचं होतं. सगळ्या स्लाइड्स तुम्ही स्वतः मोजल्यात ना? म्हणजे प्रत्येक? सरांना नोंदीसाठी हवंय.

मोहिनी

---

नाशिक, ५ ऑगस्ट १९९९

चि. मोहिनी हिस,

हा प्रश्न मला सव्वीस वर्षांत डॉक्टरसाहेबांनीही विचारला नाही. मी सोडून कोण मोजणार होतं, तुझी मामी?

मोजणी माझी. सरांना माझ्या वतीने लिहून दे.

मामा

---

नाशिक, १९ नोव्हेंबर २०००

चि. मोहिनी हिस,

तुझा अमेरिकेचा पत्ता ताईंकडून घेतला. तू निघताना फोन केला नाहीस, गडबडीत असशील असं मी शकूला सांगितलं होतं.

परवा डॉक्टरसाहेब मुंबईच्या परिषदेहून आले. "मोतीराम, तुझ्या भाचीचा पेपर," म्हणून झेरॉक्स हातात दिली. दोन डॉक्टर चहाला बसले होते. मी उभ्याउभ्याच पहिलं पान वाचलं. पाच नावं. दुसरं तुझ्या ललितचं. माझं नाही.

वाटलं, मागे असेल. मागे आभार होते. तुला ओळ आठवत नसेल, मला पाठ आहे. "काचेच्या साहित्यासाठी श्री. विधाते, नाशिक, यांचे आभार." एक डॉक्टर वाकून वाचत होते. म्हणाले, "काचेचं साहित्य? बाटल्या धुऊन पाठवल्यास का रे पुण्याला?" तिघेही हसले. त्यांना ठाऊक आहे मी इथे कशाने सुरुवात केली ते.

मग पेपर घरी नेऊन अथपासून इतिपर्यंत वाचला, डिक्शनरीला हात न लावता. चौथ्या पानावर लिहिलंय की रिसेप्टर झाकला तरी पेशी एकमेकींना बिलगतात, फक्त मिसळत नाहीत, आणि या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. हा तुमच्या पेपरातला सगळ्यात मोठा मुद्दा. तो कोणी काढला?

आणि आभार कसले गं? आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानतात का? परक्याला वाटेला लावायचं असलं की मानतात.

नाव का काढलं एवढंच लिही. गोल गोल लिहू नकोस.

मामा

---

आयोवा सिटी, १० डिसेंबर २०००

ती. स्व. मामा,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. सरळच लिहिते.

दुसऱ्या बॉक्समधल्या चाळीसपैकी वीस स्लाइड्स जुन्याच होत्या. पहिल्या बॉक्समधल्या काढून, नवं लेबल लावून, नवे नंबर टाकून पुन्हा पाठवल्या होत्या. यात तुमच्यावर अविश्वास नव्हता. मोजणारा कोणीही असो, त्याच्यावर ही चाचणी करतात, आणि ती सांगून करता येत नाही. तीच स्लाइड माणूस दोनदा मोजतो तेव्हा आकडा थोडा हलतोच. एकदा एक्केचाळीस, एकदा अडतीस. किती हलतो त्यावरून मोजणी किती पक्की ते ठरतं.

तुमचे विसाच्या वीस आकडे तंतोतंत तेच आले. केंद्रकांसकट. सरांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले आणि हसले. म्हणाले, "असं माणूस मोजत नाही. हे घरी बसून भरलेलं आहे." मग शंभरही तक्ते बाजूला काढले. मी तेव्हा विचारलं, प्रत्येक स्लाइड मोजलीत ना, आणि तुम्ही चिडलात. पुढे विचारायची हिंमत झाली नाही.

ललितने सगळ्या पुन्हा मोजल्या. आभारात तुमचं नाव यावं म्हणून मी भांडले. शब्द सरांनी घातले.

मामा, असं का केलंत? मला आजही कळलेलं नाही.

मोहिनी

---

नाशिक, २ जानेवारी २००१

चि. मोहिनी हिस,

का केलं ते लिहितो.

आमच्या लॅबमध्ये एका बाईची गाठ दुसरीच्या नावावर गेली तर बाईचं आयुष्य जातं. म्हणून मोजून झालेल्या प्रत्येक स्लाइडवर मी हिऱ्याच्या पेन्सिलीने माझा नंबर कोरतो. लेबलाच्या कडेलगत, कोपऱ्यात, भिंगाशिवाय दिसणार नाही इतका बारीक. तुझ्या साठांवरही कोरला. विचारायचं सुचलं नाही, हाताला सवय आहे.

दुसरा बॉक्स उघडला, एकसष्टावी स्लाइड लावली, तर कोपऱ्यात माझाच बावीस. पुढे माझा नऊ. अशा वीस निघाल्या. मला काय वाटलं सांगू? वाटलं, पोरीने गडबडीत मोजलेल्या स्लाइड्स नव्या बॉक्समध्ये भरल्या आणि वर नवी नंबरं चिकटवली. हे सरांना कळलं तर तुझी अब्रू जाणार. तुझ्या नोकरीची, शिष्यवृत्तीची वर्षं. म्हणून गप्प बसलो. वहीत बावीसचा आकडा होता, तो एकसष्टला लिहिला. तुला फक्त एवढंच लिहिलं, की नंबरं लावताना लक्ष देत जा.

तुझी चूक झाकायला गेलो आणि तू माझी परीक्षा घेत होतीस.

पुन्हा मोजायला हव्या होत्या, हे खरं. ती माझी चूक, मी ती मान्य करतो. पण बाकीच्या ऐंशी? त्या मी एकेक मोजल्या आहेत, दिवसाला चार. त्याही घरी बसून भरल्या, असं तुझ्या सरांनी म्हणावं आणि तू ऐकून घ्यावंस?

एक सांग. ललितने सगळ्या पुन्हा मोजल्या म्हणतेस. त्याचे आकडे काय आले?

मामा

---

आयोवा सिटी, ४ फेब्रुवारी २००१

ती. स्व. मामा,

कोरलेल्या नंबरांचं मी सरांना ई-मेलने लगेच कळवलं. त्यांनी कपाटातून दोन स्लाइड्स काढून भिंगाखाली पाहिल्या. उत्तर आलं: "पटलं. पण आता छापून झालं आहे. पुढच्या पेपरात बघू."

ललितचे आकडे. तुमच्यात आणि त्याच्यात दोन-तीनचा फरक. ऐंशीही स्लाइड्सवर. सतरा नंबरच्या तडकलेल्या स्लाइडवर तर तंतोतंत.

तुम्ही पुढचं विचाराल म्हणून आधीच सांगते. हे मला ऑक्टोबर ९९ पासून माहीत होतं. पेपर पाठवायच्या चार महिने आधी. विसांचं कोडं सुटलं नव्हतं, पण तुमचे आकडे खरे आहेत हे मला दिसत होतं. दोन्ही तक्ते मी एकटीने ताडून पाहिले आणि मिटून ठेवले. सरांना दाखवले असते तर त्यांनी सगळं नव्याने करायला लावलं असतं, आणि इथली जागा ऑगस्टपर्यंतच राखून ठेवली होती. पेपर नाही तर जागा नाही.

पुढच्या पेपरात तुमचं नाव पूर्ण घालीन. शब्द देते.

मोहिनी

---

नाशिक, २५ फेब्रुवारी २००१

चि. मोहिनी हिस,

ऑक्टोबर ९९.

त्या वर्षी भाऊबीज नोव्हेंबरात होती. तू ताईंबरोबर आली होतीस. माझ्या शेजारी पाटावर बसलीस. शकूच्या करंज्या खाल्ल्यास, वर "मामी, डबा भरून द्या" म्हणालीस. मी विचारलं, "पेपर कुठवर आला?" तू म्हणालीस, "सर वाचतायत, मामा." मग शकूने विचारलं नाव पूर्ण येणार ना, आणि तू मान डोलावलीस. मला वाटतं हसलीसही.

सरांवर माझा राग नाही. त्यांनी मला कधी पाहिलं नाही. समोर वीस आकडे आले, त्यावरून त्यांनी ठरवलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. तू आकडेही पाहिले होतेस आणि मलाही.

पुढच्या पेपरचं नको. जे काम मी केलेलं नाही त्यावर माझं नाव कशाला?

मला एक कागद पाठव. तुझ्या हाताने, तुझ्या सहीने, एक ओळ. "या पेपरातल्या ऐंशीच्या ऐंशी स्लाइड्स प्रथम मोतीराम विधाते यांनी मोजल्या आणि त्यांची मोजणी बरोबर होती." इंग्रजीत. मासिकाला नको, सरांना नको. मी ती भिंतीवर लावणार नाही. ते तीन डॉक्टर रोज चहाला बसतात. एकदा त्यांच्यासमोर टेबलावर ठेवीन आणि उचलून घेईन.

मामा

---

आयोवा सिटी, ३० मार्च २००१

ती. स्व. मामा,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडले, हे लिहिण्यात अर्थ नाही, तरी लिहिते. भाऊबीजेचा दिवस मी विसरलेले नाही. तेव्हा मी हसले, कारण नाहीतर मामींसमोर रडले असते.

इथे अजून बर्फ आहे. प्रयोगशाळेत बसले की सगळ्यात आधी बारीक स्क्रूवर हात जातो. इथल्या मुलांना मी तुमचीच पद्धत शिकवते, दिवसाला चार स्लाइड्स. ती हसतात, मग त्यांचे आकडे जुळायला लागतात. गुलाबाचं उदाहरणही देते. माझ्या आजवरच्या कामात जे काही चांगलं आहे ते तुमच्या त्या लोणच्याच्या पत्रापासून सुरू झालं.

कागदाचं मी सरांना विचारलं. ते म्हणतात, लेखी काही दिलं की पेपरवर प्रश्न उठतो. मोजणाऱ्याचं नाव दडवलं, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो सगळ्या पाच जणांना लागतो. ललितची आत्ताच नोकरी लागली आहे. मामा, तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आपल्या दोघांत तेवढं पुरे नाही का? जूनमध्ये येते आहे. तुमच्या पायाशी बसून मामींना सगळं सांगेन. तुम्हाला नवा मायक्रोस्कोप आणणार आहे, जर्मन. नाही म्हणू नका.

तुमचीच,
मोहिनी

---

नाशिक, १६ एप्रिल २००१

चि. मोहिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मागितलेली ओळ सोडून सगळं लिहिलंस.

मायक्रोस्कोप आणू नकोस. माझा नीट चालतो.

शकूला मीच सांगितलं, काल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरीने विचारायला कशाला हवं होतं त्यांना? ओळ तर तिच्याच हाताने लिहायची होती." मला तेच लिहायचं होतं, तिने माझ्या आधी म्हटलं.

जूनमध्ये ये. ताईंबरोबर ये, जेव. घराचं दार तुला बंद नाही, आणि चार लोकांसमोर मी तुला काही विचारणार नाही. पायाशी मात्र बसू नकोस, खुर्ची आहे.

तुमच्या पेपरात सहाव्या पानावर चित्र आहे, अँटिबॉडी न घातलेल्या पेशींचं. खाली लिहिलंय, मिसळलेली पेशी, केंद्रकं नऊ. त्यातली दोन त्या पेशीची नाहीत. वर डावीकडे दुसरी पेशी चढून बसली आहे, झेरॉक्समध्येसुद्धा तिची कड दिसते. केंद्रकं सात. मासिकाला कळवायचं तर कळव, नाहीतर राहू दे. सांगायचं काम माझं होतं.

मोतीराम गणपत विधाते